डीआरसी स्वच्छ, तरी लिंक पडते: व्हायाचा न वापरलेला स्टब कसा काढायचा आणि तो परत का येतो

16 लेयरचा, 2.4 मिलिमीटर जाडीचा बोर्ड. एका चिपपासून कनेक्टरपर्यंत 32 डिफरन्शियल जोड्या (एकमेकींच्या उलट सिग्नल नेणाऱ्या दोन-दोन तारा). 10 गीगाबिटवर लिंक दिवसभर चालू ठेवली तरी एक चूक सापडत नाही. तोच बोर्ड, तेच ट्रॅक, फक्त वेग 25 गीगाबिट केला की काही जोड्यांवर चुकांचा पाऊस सुरू. ट्रान्समीटरचा जोर वाढवून बघा, इक्वलायझर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, आय डायग्राम (सिग्नलच्या लाटा एकावर एक ठेवून काढलेलं डोळ्यासारखं चित्र) मिटलेलाच राहतो. लेआउटमध्ये डीआरसी, म्हणजे सॉफ्टवेअरची नियम-तपासणी, चालवली तर शून्य चुका.

हे लक्षण ज्यांच्या टेबलावर आत्ता आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. व्हाया म्हणजे लेयर जोडणारं, तांब्याने मढवलेलं भोक; स्टब म्हणजे सिग्नलला जोडलेला पण काम नसलेला, एक टोक मोकळं असलेला तुकडा. माझ्या हातून गेलेल्या एका बोर्डात तीन आवृत्त्यांमध्ये तीनदा लिंक पडली. पहिल्या वेळी स्टबचा विचारच कुणी केला नव्हता. पुढच्या दोन्ही वेळा "स्टब काढलेत" असं एकमेकांना सांगून आम्ही फाइल फॅबला (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला) पाठवली होती, आणि दोन्ही वेळा गोष्ट वेगळ्याच ठिकाणी निसटली. म्हणून नुसता उपाय सांगून थांबत नाही, तो कुठे निसटतो तेही सांगतो.

आधी "स्टब" या शब्दाचा घोळ

लेआउटच्या टीममध्ये कुणी "न वापरलेले स्टब काढून टाक" म्हणालं, तर ऐकणारा तीनपैकी कुठलंही काम करून मोकळा होतो.

पहिलं काम म्हणजे लोंबकळत राहिलेले ट्रॅक आणि व्हाया. रूटिंग बदलताना मागे तुकडा राहतो. बीजीएचा (पोटाखाली गोळ्यांसारखे पाय असलेल्या चिपचा) फॅनआउट, म्हणजे पायांपासून बाहेर काढलेले ट्रॅक, आपोआप करून घेतला आणि नंतर नेट (एका सिग्नलची जोडणी) दुसऱ्या वाटेने नेलं, तर जुना व्हाया नेटला चिकटून तसाच उभा असतो. हे सॉफ्टवेअर स्वतः पुसू शकतं. किकॅड या लेआउट सॉफ्टवेअरमध्ये टूल्स मेनूत "क्लीनअप ट्रॅक्स अँड व्हायाज" आहे. त्यात एकाच लेयरला जोडलेले व्हाया आणि एक टोक मोकळं असलेले ट्रॅक उडवायचे पर्याय मिळतात. अल्टियम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये "नेट अँटेने" हा नियम असे तुकडे पकडतो. एक काळजी जरूर घ्या: ही सफाई चालवण्याआधी कॉपरचे झोन भरून घ्या. झोन रिकामे असतील तर ग्राउंडला शिवलेले व्हाया कुठेच जोडलेले नाहीत असं सॉफ्टवेअरला वाटू शकतं, आणि मग नको ते उडतं. मुद्दाम ठेवलेले टेस्ट पॉइंट आधी लॉक करा. सफाई चालवण्याआधी काय काय उडणार त्याची यादी समोर येते, ती नीट वाचा.

दुसरं काम आतल्या लेयरवरच्या न वापरलेल्या पॅडचं. व्हाया ज्या लेयरवर कशालाच जोडलेला नाही, तिथेही त्याच्याभोवती तांब्याची कडी असते. ती काढली की कपॅसिटन्स थोडा कमी होतो आणि बीजीएखाली जागा सुटते. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी आज्ञा आहे. काम चांगलं आहे, पण आपल्या दोषावरचा हा उपाय नव्हे.

तिसरं काम आपलं. व्हायाचं भोक बोर्डाच्या वरपासून खालपर्यंत आरपार पडतं आणि आतून पूर्ण तांब्याने मढवलं जातं. सिग्नल पहिल्या लेयरवरून शिरतो, तिसऱ्या लेयरवर बाहेर पडतो, आणि तिसरीपासून सोळावीपर्यंतचं बॅरल (मढवलेली तांब्याची नळी) काहीही काम नसताना लटकत राहतं. नेटच्या दृष्टीने सगळं जोडलेलं आहे, त्यामुळे नेहमीची डीआरसी गप्प बसते. स्क्रीनवर पुसायला तिथे काही नाहीच. हे तांबं एक तर ड्रिलनेच निघतं, नाहीतर लेयर बदलून ते उरणारच नाही अशी सोय करावी लागते.

पहिल्या दोन कामांचा रिपोर्ट हिरवा आला की तिसरंही झालं असं मनाने धरलं जातं.

2 मिलिमीटर तांब्याने इतकं काय बिघडतं

सिग्नल तिसऱ्या लेयरपाशी आला की त्याचा एक भाग ट्रॅकवर वळतो आणि एक भाग सरळ खाली उतरतो. खालचं टोक उघडं असल्यामुळे तो तिथून तसाच परततो. स्टबची लांबी तरंगलांबीच्या पाव इतकी असेल तर जाऊन येऊन अर्धी तरंगलांबी होते, म्हणजे परत आलेली लाट मूळ लाटेच्या बरोबर उलटी. दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. त्या फ्रिक्वेन्सीला पलीकडे जवळजवळ काही पोचत नाही; आलेखात तिथे खड्डा पडतो.

हिशोब तोंडी करता येतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात 300 मिलिमीटर जातो. त्याचा पाव भाग 75. याला डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या वर्गमुळाने भागायचं. एफआर-4 चा स्थिरांक 4 ते 4.5 च्या आसपास असतो, पण व्हायाच्या बाजूने जाणारे प्लेन (तांब्याचे सलग थर) आणि पॅड कपॅसिटन्स वाढवतात, त्यामुळे व्हायापुरता मी 6 धरतो. 75 भागिले 2.45 म्हणजे साधारण 30. तर सूत्र एवढंच: 30 ला स्टबच्या मिलिमीटरमधल्या लांबीने भागा, गीगाहर्ट्झमध्ये खड्डा कुठे पडेल ते मिळतं. अचूक आकडा सिम्युलेशनने काढा, पण मीटिंगमध्ये बसल्या बसल्या धोका ओळखायला एवढं पुरतं.

आमचा स्टब 2.1 मिलिमीटरचा होता. खड्डा 14 गीगाहर्ट्झच्या थोडा पुढे. आता 25.78 गीगाबिटच्या एनआरझेड (एका वेळी एक बिट नेणाऱ्या) सिग्नलची नायक्विस्ट फ्रिक्वेन्सी, म्हणजे बिटच्या वेगाची निम्मी, 12.89 गीगाहर्ट्झ, म्हणजे सिग्नलचा जीव जिथे आहे त्याच्या उशालाच खड्डा. 10 गीगाबिटला नायक्विस्ट 5 गीगाहर्ट्झ, म्हणून त्याचा फक्त तिसरा हार्मोनिक, 15 गीगाहर्ट्झचा, मार खातो. कडा गोलसर होतात, पण डोळा उघडा राहतो. म्हणूनच "जुन्या वेगाला हा बोर्ड चालत होता, म्हणजे लेआउट ठीक आहे" हा युक्तिवाद इथे चालत नाही.

इक्वलायझरने हे का सुधारत नाही, हेही इथेच कळतं. लांब ट्रॅकचा तोटा उतारासारखा असतो, फ्रिक्वेन्सी वाढेल तसा हळूहळू वाढणारा. इक्वलायझर तो उतार उचलून सपाट करतो. अरुंद, खोल खड्डा उचलायला गेलं की आजूबाजूचं सगळं उचललं जातं, नॉइजसकट.

तुमचा दोष स्टबचाच आहे का?

उपकरण नसेल तर कागद घ्या. प्रत्येक जोडीसमोर ट्रॅकची लांबी, ती कुठल्या लेयरवर बाहेर पडते, खाली किती बॅरल उरतं आणि चुका किती येतात ते लिहा. आमच्या यादीत 12 जोड्या चौदाव्या लेयरवर होत्या आणि 20 तिसऱ्या. सगळ्यात लांब जोडी चौदाव्या लेयरवर होती आणि ती एकदम निरोगी होती. चुका मात्र सगळ्या तिसऱ्या लेयरवाल्या जोड्यांवर. चुका लांबीबरोबर न वाढता लेयरबरोबर चालल्या तर जवळपास खात्री धरा. ही यादी करायला अर्धा तास लागतो, आणि आम्ही ती करण्याआधी दोन आठवडे सोल्डरिंगवर संशय घेत बसलो होतो. सोल्डरिंग करणाऱ्या मुलांची मी नंतर माफी मागितली.

व्हीएनए (फ्रिक्वेन्सीनुसार सिग्नल मोजणारं उपकरण) असेल तर पलीकडे पोचणाऱ्या सिग्नलचा आलेख काढा. निरोगी जोडीचा आलेख उतरत जातो. स्टबवाल्या जोडीचा उतरता उतरता एका जागी धपकन खाली जातो आणि पुन्हा वर येतो.

इथे एक फसगत होते, तिच्यापासून सावध राहा. जोडीच्या दोन तारांमध्ये वेळेचा फरक असेल तरी डिफरन्शियल आलेखात असाच खड्डा दिसतो. 35 पिकोसेकंदांचा फरक असेल तर तोही 14 गीगाहर्ट्झपाशीच. वेगळं ओळखायचं तर दोन्ही तारा एकेकट्या मोजा. स्टबचा खड्डा एकेकट्या तारेतही दिसतो. वेळेच्या फरकाचा खड्डा एकेकट्या तारेत दिसत नाही, कारण तो दोघींची वजाबाकी करतानाच तयार होतो. हे न तपासता बॅकड्रिलला (स्टबचं तांबं ड्रिलने काढायला) पैसे घातले आणि दोष बोर्डातल्या काचेच्या विणीमुळे आलेल्या फरकाचा निघाला, तर पुढची आवृत्तीही तशीच येईल.

पहिला उपाय: भोक न पाडता

बॅकड्रिलकडे धावण्याआधी रूटिंग बघा. वरच्या बाजूला बसवलेल्या चिपचा वेगवान सिग्नल जितका खालच्या लेयरवर उतरवाल तितका स्टब आखूड होतो. लेआउट करताना हात आपसूक वरच्या लेयरकडे जातो, कारण तिसरी लेयर जवळची वाटते. वेगवान सिग्नलसाठी ती सगळ्यात वाईट जागा. वरच्या लेयर मंद सिग्नलना द्या, खालच्या वेगवान सिग्नलना.

आम्ही 20 पैकी 8 जोड्या बाराव्या लेयरवर नेल्या. तिथे खाली साधारण 0.6 मिलिमीटर उरतं, म्हणजे खड्डा 50 गीगाहर्ट्झला. मी नायक्विस्टच्या तिप्पट अंतर पाळतो. 25 गीगाबिटसाठी याचा अर्थ स्टब 0.78 मिलिमीटरच्या आत. बाराव्या लेयरला काही करायची गरज उरली नाही. उरलेल्या 12 जोड्यांना खाली जागा नव्हती, क्रॉसटॉक (शेजारच्या जोड्यांची एकमेकींत लुडबुड) वाढला असता. ब्लाइंड व्हाया किंवा मायक्रोव्हाया (आरपार न जाणारे) केले असते तर स्टबचा प्रश्नच मिटला असता, पण त्यासाठी बोर्ड टप्प्याटप्प्याने अनेकदा दाबावा लागतो आणि खर्च बराच चढतो. 12 जोड्यांसाठी बॅकड्रिल ठरलं.

बॅकड्रिल म्हणजे मढवून झालेल्या भोकात उलट्या बाजूने थोडं जाड ड्रिल घालून नको असलेलं तांबं खरवडून काढणं. मूळ ड्रिल 0.25 मिलिमीटरचं असेल तर हे साधारण 0.2 ने मोठं, 0.45 चं. ड्रिलची खोली तंतोतंत साधत नाही, म्हणून सिग्नलच्या लेयरपासून थोडं अलीकडे थांबावं लागतं, 0.15 ते 0.25 मिलिमीटर स्टब उरतोच आणि तो चालतो. सहनमर्यादा तुमच्या फॅबलाच विचारा, प्रत्येकाचं यंत्र वेगळं.

लेआउटमध्ये याचे परिणाम लगेच दिसतात. चौथीपासून सोळावीपर्यंत सगळ्या लेयरवर शेजारचे ट्रॅक आणि प्लेन आता 0.25 च्या नाही, तर 0.45 च्या भोकापासून लांब ठेवायचे. खालच्या बाजूला त्या व्हायाचं पॅड राहणार नाही. बीजीएच्या पोटाखाली डिकपलिंग कपॅसिटर दाटीवाटीने बसवले असतील तर त्यांचे पॅड ड्रिलच्या वाटेत येतात का, ते एकेक करून बघा. आमचे तीन येत होते.

पॉवर आणि ग्राउंडच्या व्हायांना मात्र हात लावू नका. मंद सिग्नलनाही नको. एलईडीच्या किंवा कंट्रोलच्या लाइनला 14 गीगाहर्ट्झच्या खड्ड्याशी काय देणंघेणं? प्रत्येक ज्यादा बॅकड्रिल म्हणजे चुकायची एक ज्यादा जागा.

दुसऱ्या आवृत्तीत: 48 ऐवजी 32

बोर्ड आले, 8 जोड्या सुधारल्या, बॅकड्रिलच्या 12 पैकी 8 सुधारल्या, आणि 4 जोड्या जशाच्या तशा आजारी. प्रत्येक बोर्डावर त्याच चार.

कारण सापडलं ते ड्रिलच्या फाइलमध्ये. एक्सेलॉन फाइल साधा मजकूर असते, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. टूलची ओळ, आणि तिच्याखाली एका भोकाला एक अशा निर्देशांकांच्या ओळी. 12 जोड्या, प्रत्येकी दोन तारा, प्रत्येक तारेला दोन व्हाया, म्हणजे 48 भोकं हवी होती. ओळी मोजल्या तर 32. गेलेली 16 भोकं म्हणजे बरोबर 4 जोड्या.

झालं असं होतं की स्किमॅटिकमध्ये मधल्या काळात त्या चार जोड्यांची नावं बदलली होती. बॅकड्रिलचा नियम नेट क्लासवर (नेटच्या गटावर) लावलेला. नाव बदललं, नेट क्लासमधून बाहेर पडलं, नियम लागला नाही, आणि नियमच लागला नाही म्हटल्यावर मोडल्याची तक्रार कोण करणार? रिपोर्ट हिरवाच.

म्हणून आता मी दोन गोष्टी करतो. अल्टियमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायाच्या स्टबच्या कमाल लांबीचा वेगळा नियम आहे. तो निवडक नेटवर लावण्याऐवजी सगळ्या डिफरन्शियल जोड्यांवर लावतो आणि जिथे नको तिथे नावानिशी सूट देतो. म्हणजे विसरलं तर तक्रार येते, गप्प बसणं होत नाही. आणि गर्बर (फॅबला द्यायच्या फाइली) पाठवण्याआधी भोकं हाताने मोजतो. किती हवीत ते आधी कागदावर लिहायचं, मग फाइल उघडायची. उलट क्रमाने केलं तर डोळा फाइलमधल्या आकड्याला राजी होतो.

याच टप्प्यावर हेही बघा की बॅकड्रिलची फाइल पाकिटात आहे. ती मुख्य ड्रिलपासून वेगळी असते, आणि वेगवेगळ्या खोलीसाठी वेगवेगळी. ती राहून गेली तरी बोर्ड व्यवस्थित बनतो आणि इलेक्ट्रिकल टेस्टही पास होतो, कारण जोडणीच्या दृष्टीने काहीच तुटलेलं नसतं.

तिसऱ्या आवृत्तीत: मिलिमीटरने केलेला घात

फाइलमध्ये 48 भोकं होती. या वेळी काही बोर्डांवर लिंक लागतच नव्हती, तर काहींवर बोर्ड तापला की सुटायची.

फॅब्रिकेशन ड्रॉइंगवर आमची नोट होती: खालच्या बाजूने 1.9 मिलिमीटर खोल बॅकड्रिल. लिहिली तेव्हा बरोबर होती. तिसरी लेयर खालून 2.1 मिलिमीटरवर, म्हणजे 0.2 शिल्लक. मधे मटेरियल बदललं, प्रीप्रेग (लेयर चिकटवणारा थर) पातळ आलं, बोर्डाची एकूण जाडी 2.2 झाली. आता तिसरी लेयर खालून 1.9 वर. ड्रिलने सांगितल्याप्रमाणे 1.9 वर थांबायचं काम केलं आणि सहनमर्यादेच्या कमी-जास्तीने कुठे ट्रॅकचा सांधा अर्धा खाल्ला, कुठे पूर्ण. स्टॅकअपचं (लेयरच्या रचनेचं) ड्रॉइंग नवीन होतं, नोट जुनी. चूक आमची.

खोली मिलिमीटरमध्ये लिहू नका. "सोळाव्या लेयरकडून ड्रिल करा, तिसरी लेयर कापायची नाही, तिच्या अलीकडे जास्तीत जास्त इतका स्टब चालेल" असं लिहा. खोली फॅबने त्याच्या प्रत्यक्ष दाबलेल्या जाडीवरून काढायची. ओडीबी++ किंवा आयपीसी-2581 या प्रकारची फाइल पाठवत असाल तर त्या फाइलमध्येही बॅकड्रिलची माहिती जाते; तीमधली लेयर आणि ड्रॉइंगवरची लेयर एकच आहे ना, ते पडताळा. फॅबकडून शंका विचारणारा मेल आला तर त्याला घाईने "ओके" म्हणू नका. आमच्या मेलमध्ये जाडीचा प्रश्न आला होता आणि आमच्याकडून एका शब्दाचं उत्तर गेलं होतं.

बोर्ड हातात आल्यावर

भिंगाखाली खालची बाजू बघा. साध्या व्हायाभोवती तांब्याची किंवा सोनेरी कडी असते. बॅकड्रिल झालेलं भोक कडीशिवाय, थोडं मोठं, आतली भिंत फिकट पिवळसर, काचेचे तंतू किंचित विस्कटलेले. प्रकाश तिरका पाडला की खोलवर तांब्याची चमकती किनार दिसते, जिथे ड्रिल थांबलं तिथे. भिंतीवर तांब्याचा पापुद्रा चिकटलेला दिसला तर तो बोर्ड बाजूला काढा.

खोली मात्र वरून कळत नाही. पॅनलच्या कडेला टेस्ट कूपन (तपासणीसाठीचा नमुना तुकडा) मागून घ्या, तो बॅकड्रिलसकट हवा, आणि त्याचा उभा छेद घेऊन उरलेला स्टब मोजून द्यायला सांगा. हे ऑर्डरमध्येच लिहा. बोर्ड आल्यावर मागितलं तर कूपन फेकलेलं असतं.

प्रेसफिट (सोल्डर न करता दाबून बसवायचा) कनेक्टर असेल तर एक अडचण वेगळी आहे. त्याच्या पिनला पकडायला मढवलेल्या बॅरलची ठरावीक लांबी लागते, ती कनेक्टरच्या डेटाशीटमध्ये असते. तिच्या आत ड्रिल घुसवता येत नाही. त्यामुळे तेवढ्या लांबीतला स्टब कमी करायचा मार्ग एकच उरतो: सिग्नल खालच्या लेयरवर आणा.

आणि सगळं केल्यावरही खड्डा उरला, फक्त जागा बदलून, तर सूत्र उलटं चालवा. खड्डा 22 गीगाहर्ट्झला दिसतोय? 30 भागिले 22, साधारण 1.4 मिलिमीटर. ट्रॅकचा फाटा असेल तर त्यावर व्हायाइतका भार नसतो, म्हणून तो जरा लांब, 1.7 च्या आसपास निघेल. आता त्या नेटवर एवढ्या लांबीची, एक टोक मोकळं असलेली गोष्ट शोधा. आमच्या एका जोडीवर ती सापडली: न बसवलेल्या शून्य ओहमच्या रेझिस्टरकडे जाणारा फाटा, पॅडसकट. स्किमॅटिकमध्ये तो पर्यायी जोडणी म्हणून होता, त्यामुळे कुठल्याच सफाईने त्याला हात लावला नव्हता. रेझिस्टरचं पॅड सरकवून मुख्य ट्रॅकवरच बसवलं, फाटा शून्य झाला, आणि पुढच्या मोजणीत त्या जोडीचा आलेख शेजारच्या जोडीच्या आलेखावर बसला.